मुंबई सोडण्याचा हिशेब

“मुंबईत राहणे आता परवडत नाही” हे वाक्य या शहरात रोज इतक्या घरांत उच्चारले जाते, की त्यात वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही असे सर्वांनी गृहीत धरले आहे. त्याच्या मागोमाग दुसरे वाक्य येते. नाशकाला जाऊ, साताऱ्याला जाऊ, नाही तर गावचे घरच डागडुजी करून राहण्याजोगे करू. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला कारकून, लग्न ठरले पण जागा ठरली नाही असा तरुण, मुले परदेशी गेलेले वृद्ध दांपत्य, असे सारे कागद-पेन्सिल घेऊन बसतात. इथले भाडे आणि तिथले भाडे, इथले दूध आणि तिथले दूध, असे दोन रकाने पाडले जातात आणि बेरीज बहुधा तिकडच्या बाजूने लागते. ज्याचा संसार त्याने तो कोठे करावा हे सांगण्याचा अधिकार वर्तमानपत्राला नाही. परंतु हाच दोन रकान्यांचा हिशेब जेव्हा सरकार मांडू लागते आणि त्या बेरजेच्या आधाराने लोकांना शहराबाहेर पाठवू पाहते, तेव्हा तो तपासून पाहणे हे आमचे कर्तव्य ठरते.

गिरणी कामगारांच्या घरांच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतील बहुतेकांना पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही, हा इतिहास वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचे ढोबळमानाने तीन वाटे करण्याचे ठरविले होते. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली, वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या भूखंडापुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. ज्या जमिनीवर घरे व्हायची, ती अशी आक्रसून गेली. घरांसाठी अर्ज करणारे कामगार व त्यांचे वारस मात्र दीड लाखाहून अधिक निघाले. तेव्हा उरलेल्यांना कोठे बसवायचे, या प्रश्नाचे उत्तर मार्च २०२४ च्या शासन निर्णयात मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर, कर्जतच्या वाटेवरील शेलू आणि वांगणी येथे शोधण्यात आले. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर म्हातारे कामगार जमले ते या उत्तराला नकार देण्यासाठी. घर फुकटच्या भावात मिळते आहे, तरी ही माणसे नको म्हणतात, असा सूर त्या वेळी पुष्कळांनी लावला होता. आमच्या मते त्या कामगारांचा हिशेब अधिक पक्का होता.

मुंबई आणि लहान गाव यांच्या खर्चात फरक नेमका कशाचा, हे प्रथम पाहिले पाहिजे. याबाबत खुद्द सरकारचे मत काय आहे, ते त्याच्या पगारपत्रकात वाचायला मिळते. केंद्र सरकारने घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग पाडले आहेत, आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे हा भत्ता त्या वर्गांत मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के मिळतो. ज्याचे मूळ वेतन ५०,००० रुपये, त्याला मुंबईत १५,०००, नाशकात १०,००० आणि सावंतवाडीत ५,००० रुपये. महागाई भत्ता मात्र सर्वांना सारखाच. तो अखिल भारतीय निर्देशांकावर बेतलेला असतो, त्यात मुंबई आणि सावंतवाडी असा भेद नाही. पूर्वी महाग शहरांसाठी म्हणून आणखी एक भत्ता असे. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ मध्ये तो वाहतूक भत्त्यात विलीन झाला. थोडक्यात, थोडासा प्रवास वगळला तर या दोन ठिकाणांमधील फरक म्हणजे घराचे छप्पर, अशी सरकारची धारणा आहे.

ती बऱ्याच अंशी बरोबरही आहे. साबणाच्या वडीवर, औषधाच्या पट्टीवर, बिस्किटाच्या पुड्यावर जी किंमत छापलेली असते ती दादरला तीच आणि देवगडला तीच. गॅसच्या टाकीत किरकोळ फरक. महावितरणचा घरगुती विजेचा दर ठाण्याला जो आहे तोच गडचिरोलीला. मोबाइलचे भाडे, विम्याचा हप्ता, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शुल्क, यांपैकी काहीही गाव लहान म्हणून कमी होत नाही. भाजी, दूध, अंडी थोडी स्वस्त मिळतात, तीही गाव त्या मालाच्या वाटेवर असेल तर. पेट्रोलचे उदाहरण तर बोलके आहे. मे २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली ती परभणीत आधी, आणि मुंबईत नंतर. माल जिथून येतो त्या आगारापासून गाव जितके दूर, तितका वाहतुकीचा भार ग्राहकाच्या माथी. याला गावाची महागाई म्हणत नाहीत इतकेच.

तेव्हा स्वस्त प्रदेशात खरोखर स्वस्त अशा दोनच वस्तू सापडतात. एक छप्पर आणि दुसरा माणसाचा हात. सुतार, गवंडी, शेतमजूर, घरकाम करणारी बाई, शिकवणी घेणारा पदवीधर यांचे श्रम तिथे कमी मोलात मिळतात. छप्पर स्वस्त, कारण त्याच्या आसपास पोट भरण्याजोगा रोजगार नाही. आणि हात स्वस्त, कारण त्या हाताला दुसरे काम नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला “इथे सगळे किती स्वस्त” असे जे वाटते, त्यात या ३१२ रुपयांचा वाटा मोठा आहे. शिवाय दुकाने व आस्थापनांसाठी किमान वेतन ठरवितानाही राज्याने परिमंडळे पाडलेली आहेत, आणि लहान गावातील दुकानात नोकरी करणाऱ्याचे किमान वेतन शहरातील नोकरापेक्षा कमी धरलेले आहे. साबणाची छापील किंमत दोघांना सारखी आणि पगार मात्र परिमंडळाप्रमाणे! स्वस्ताईचा लाभ घ्यायचा तर उत्पन्न बाहेरचे असावे लागते. निवृत्तिवेतन गावाप्रमाणे घटत नाही, म्हणून निवृत्त माणसाचा हिशेब जमतो. तिथेच राहून तिथेच कमावणाऱ्याचा तो जमत नाही, आणि तिथल्या तरुणांची पावले मुंबईच्या गाडीकडे वळतात ती त्यामुळेच.

या बाबतीत आकडे फार फसवतात. शाळेत गणिताच्या तासाला मुले दोन वेगळ्या मापांतील संख्यांची सरळ बेरीज करीत, आणि उत्तर पूर्णांकात आले की ते बरोबर आहे असे समजत. तसाच प्रकार मोठी माणसे करताना दिसतात. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशातील शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आणि ग्रामीण माणसाचा ४,१२२ रुपये निघाला. यावरून खेडे शहरापेक्षा चाळीस टक्के स्वस्त आहे, असा निष्कर्ष काढणारे लेख आम्ही वाचले आहेत. ती पाहणी किंमत मोजीत नाही, खर्च मोजते. ज्याच्या खिशात कमी असते तो कमी खर्च करतो. ज्याने दाताचे दुखणे अंगावर काढले, त्याचा दंतवैद्यावरील खर्च शून्य असतो, म्हणून त्याच्या गावात दंतवैद्यक स्वस्त आहे असे कोणी म्हणणार काय?

निर्देशांकाचेही असेच होते. औद्योगिक कामगारांसाठी सिमल्याचे श्रम कार्यालय जो निर्देशांक काढते, त्यात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर अशी केंद्रे वेगवेगळी दाखविलेली असतात. एखाद्या महिन्यात सोलापूरचा आकडा मुंबईच्या वर दिसला की सोलापूर मुंबईहून महाग झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येक केंद्राचा आकडा त्याच केंद्राच्या आधारवर्षाशी, म्हणजे २०१६ शी ताडून काढलेला असतो. तिथे भाव किती वेगाने वाढले एवढेच तो सांगतो. दोन गावांची उंची मोजण्याचे ते माप नव्हे. आणि २०१२ या आधारवर्षाच्या ग्राहक किंमत मालिकेत तर ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला जागाच नव्हती. म्हणजे ज्या एका बाबतीत शहर आणि खेडे यांत खरा फरक आहे, तीच बाब त्या मापातून गळलेली होती. गाव बदलणाऱ्याने आपला हिशेब आपणच करावा हे बरे, छापील सरासरीवर विसंबू नये.

तो करताना घरभाड्याचा रकानाही दिसतो तितका सरळ नाही. मुंबईचे भाडे म्हणजे कोणाचे भाडे? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या चाळींतील भाडी गोठलेली आहेत, आणि १९९९ च्या कायद्यानेही त्या भाडेकरूंना संरक्षण दिले आहे. पागडीच्या खोलीत राहणारे कुटुंब आजही महिन्याला काहीशे रुपयांत शहराच्या मध्यभागी नांदते. त्याच्या शेजारच्या नव्या इमारतीत आलेला भाडेकरू त्याच्या कित्येक पट मोजतो. नव्याने येणाऱ्याला मुंबई महाग आहे, आणि जो एकदा बाहेर पडला तो परत येऊ लागला की नवाच ठरतो. गावी जाऊन पाहू, नाही जमले तर परत येऊ, असे म्हणून खोली सोडणाऱ्यांना हा धडा फार उशिरा कळतो. चाळीची जीर्ण खोली ही त्या कुटुंबाची मुंबईतील एकमेव पत असते. ती गेली की शहराचे दार बंद.

आता त्या खर्चाकडे वळू, जो कोणत्याच रकान्यात मांडला जात नाही. परळला १९२६ पासून के. ई. एम. रुग्णालय उभे आहे, १९४१ पासून टाटा रुग्णालय उभे आहे. लालबागचा माणूस आजारी पडला तर चालत तिथे पोचतो. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मोठे दुखणे आले की त्याला बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात धाव घ्यावी लागे, आणि जानेवारी २०१८ मध्ये गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली तेव्हा दोडामार्गात जो क्षोभ उसळला तो समजण्यासारखा होता. सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते त्यानंतर. आणि कर्करोगासारखे दुखणे असेल तर विदर्भाचा, मराठवाड्याचा, बिहारचा माणूस अखेर परळलाच येतो, आणि टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर चटई पसरून दिवस काढतो. त्या चटईवरच्या महिन्यांचा खर्च त्याच्या स्वस्त गावाच्या खात्यावर कोणी मांडला आहे काय?

न्यायालयाचेही तेच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकार उच्च न्यायालयातील प्रत्येक तारखेसाठी मुंबईला खेपा घालीत, वकिलाची फी एकपट आणि प्रवास-मुक्काम दुप्पट अशी त्यांची स्थिती. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला खंडपीठाचे काम सुरू झाले, तेव्हा त्या सहा जिल्ह्यांतील राहणीचा खर्च त्या दिवशी खऱ्या अर्थाने उतरला. स्वस्ताई अशी आणता येते, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. ते घडवून आणण्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलन का करावे लागले, हा प्रश्न वेगळा.

पाण्याची कथा तर विनोदी वाटावी अशी आहे. मुंबईच्या नळाला येणारे पाणी तानसा, भातसा, वैतरणा या जलाशयांतून येते. त्यांतील बरेचसे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे पाण्याच्या उगमाजवळ राहायला जावे, तर पाणी विकत घ्यावे लागते, आणि शंभर किलोमीटर दूर राहावे, तर ते नळाने घरात येते!

हे सारे लक्षात घेतले म्हणजे वांगणीच्या घराचा हिशेब निराळा दिसू लागतो. १९८२ चा कामगार आज सत्तरीच्या पलीकडे गेला आहे. कित्येक तर केव्हाच निघून गेले. घर मिळणार ते मुलाला, सुनेला, नातवाला. मुलाची नोकरी असते मुंबईत, कोठे रखवालदाराची, कोठे दुकानातील, कोठे वाहनचालकाची. घरातून स्थानक, स्थानकातून गाडी, गाडीतून कामाची जागा असे जाऊन येऊन दिवसाचे चार तास धरू. महिन्याचे २५ दिवस काम म्हटले तर १०० तास होतात. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर साडेबारा दिवसांचे काम तो माणूस दर महिन्याला रेल्वेच्या दांडीला लटकून करतो, आणि त्याचा मोबदला कोणी देत नाही. पासाची किंमत थोडी आहे हे खरे. पण रेल्वेचा पास स्वस्त आहे म्हणून माणसाचे आयुष्यही स्वस्त धरायचे काय?

घरातील बाईचा विचार तर या बेरजेत मुळीच होत नाही. गिरणगावात पगार एकट्या पुरुषाचा कधीच नव्हता. गावाकडची माणसे गावकरी मंडळाच्या खोलीत एकावर एक राहत आणि जेवायला खानावळीत जात. ती खानावळ एखादी बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालवीत असे. अशाच बायकांना संघटित करून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आजही लालबाग-परळची बाई चार घरी पोळ्या करते, डबे भरते, पाळणाघर चालवते. तिचे हे उत्पन्न तिच्या हाताच्या गुणावर अवलंबून असते तितकेच तिच्या पत्त्यावर. वांगणीहून पहाटेची गाडी पकडून ती परळला पोळ्या लाटायला येऊ शकणार नाही. म्हणजे भाड्यात जे वाचेल त्याच्या समोर एक अख्खे उत्पन्न वजा करावे लागेल.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. गिरणीमालकांनीही हाच हिशेब केला होता. कामगाराचे कुटुंब कोकणात किंवा साताऱ्याला राहते, तिथे राहणी स्वस्त आहे, घरचे थोडे भात-ज्वारी पिकते, बाळंतपण आणि म्हातारपण गावात निभते. तेव्हा त्याला एका माणसाच्या पोटापुरते वेतन पुरे. अशा रीतीने गावाची स्वस्ताई मालकाच्या नफ्यात जमा होत गेली आणि मनिऑर्डरवर जगणारे गाव होते तिथेच राहिले. आता त्याच कामगाराला पुन्हा सांगण्यात येत आहे की, तुझ्यासाठी स्वस्त जागा दूर आहे.

स्वस्त जागा फार काळ स्वस्त राहतही नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरण-पनवेलच्या जमिनींचे भाव पुलाच्याही पुढे धावले. अलिबागला जे झाले तेच आता कोकण किनाऱ्यावर खाली खाली सरकत आहे. शहरातला पैसा गावात आला की प्रथम जमीन महागते, मग घरभाडे, आणि सर्वांत शेवटी मजुरी. या मधल्या काळात मुंबईकराला गाव स्वस्तच वाटते. गावातल्या शिक्षकाला, पोस्टमनला मात्र आपल्याच गावात घर घेणे अशक्य होऊन बसते. गोव्यातील लोक हे गाऱ्हाणे केव्हापासूनच करीत आहेत. बाहेरच्या माणसाविषयीचा त्यांचा राग कित्येकदा अनाठायी असतो, पण त्या रागाचे गणित चुकीचे नाही.

ज्याला नाशिकची हवा हवीशी वाटते, गावच्या अंगणात उरलेले दिवस काढावेसे वाटतात, त्याने जरूर जावे. त्याने एवढेच पाहावे की जवळचे मोठे रुग्णालय किती मैलांवर आहे, रात्री दोन वाजता तिथे न्यायला वाहन मिळेल काय, आणि मुंबईतील खोली विकून टाकण्याऐवजी काही वर्षे राखता येते काय. सरकारची गोष्ट वेगळी आहे. त्याने दुसऱ्याच्या वतीने हिशेब करताना घराच्या चौरस फुटांशी थांबून चालणार नाही. शेलू आणि वांगणीच्या घरांसाठी अर्ज मागविताना, घराच्या किमतीच्या शेजारीच सकाळी पाच ते दहा या वेळेत तिथून मुंबईकडे किती गाड्या सुटतात, त्यांना किती डबे असतात, बदलापूर सोडल्यानंतर त्यांत उभे राहण्यास जागा उरते काय, वसाहतीला पाणी कोणत्या धरणाचे आणि दिवसातून किती वेळ, शस्त्रक्रिया होऊ शकेल असे सरकारी रुग्णालय किती अंतरावर, आणि दहावीपर्यंतची शाळा कोणत्या वर्षी सुरू होणार, हेही सरकारने छापावे. ज्यांना ही माहिती वाचून घर घ्यावेसे वाटेल त्यांनी ते घ्यावे. ज्यांना वाटणार नाही, त्यांचा मुंबईतील घरावरचा हक्क नकार दिला म्हणून बुडणार नाही, असे त्याच जाहिरातीत स्पष्ट शब्दांत लिहावे.